तारवातला नववा

सोमवार, २० जानेवारी २०२५

आज सकाळी शेलू गावातल्या घरी मी सगळ्यांच्या आधी उठलो, स्वतःच चहा केला आणि प्रार्थनेला बसलो. डोळे उघडले तर समोर माझी लेक दीप्ती उभी. एक तारखेला शनिवारी नक्की खाली याल ना, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं. दोन तारखेला, रविवारी अकराला तिचा साखरपुडा आहे. मी शब्द दिला. ती म्हणाली, तुमच्या नोहाला सांगा, यंदा पाऊस लवकर आवरता घे.

भिवपुरीहून वर चढायला दीड तास लागला. वाडीचे बुधाजी न्यायला आले होते. पाठपिशवी खांद्यावर घेऊन म्हणाले, "मास्तर, दगुड भरलं का काय?" मी म्हटलं, पुस्तकं आहेत. "मंग दगुडच," म्हणाले आणि माझ्या पुढे चालू लागले.

आमची समिती बायबल डोंगरातल्या वाड्यांच्या बोलीत उतरवते आहे. नोहाच्या तारवाची, म्हणजे जलप्रलयातल्या त्या मोठ्या होडीची, गोष्ट तयार झाली. ती ऐकणाऱ्याला कळते का, हे तपासायला मी आलो आहे. ज्याने ती कधी ऐकली नाही त्याला दोनदा वाचून दाखवायची, आणि त्याने आपल्या शब्दांत परत सांगायची. प्रत्येकाला वेगळं बसवायचं. तो सांगेल तेच लिहायचं, सुधारायचं नाही.

उतरलो आहे समाजमंदिरात. एकच खोली, कोब्याची जमीन, उंचावर एक खिडकी. आतली कडी मोडली आहे. माकडं शिरतात म्हणून संध्याकाळी बाहेरून कडी लावू, सकाळी काढू, असं बुधाजी म्हणाले. मला हसू आलं. तारवाचं दारही देवाने बाहेरूनच लावलं होतं.

मंगळवार, २१ जानेवारी

दिवसभर अनुवादाचा पाठ पुन्हा वाचला.

मी खालापूरकडच्या खेड्यात एका खोलीच्या शाळेत शिकलो. पुराची ही गोष्ट दोन जुन्या कथा एकत्र विणून झाली असावी, हे मला चाळिशीत अभ्यासवर्गात कळलं. एका कथेत प्रत्येक प्राण्याची एक जोडी, दुसरीत शुद्ध प्राण्यांच्या सात. एकीत दीडशे दिवस, दुसरीत चाळीस. तेव्हा आठवडाभर मला प्रार्थना जमली नाही. मग जमली, पूर्वीपेक्षा शांत. विणणाऱ्यांनी कुणाचाच धागा टाकून दिला नाही, हे मला फार आवडलं.

माणसं किती, याबद्दल मात्र भांडण नाही. नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. आठ.

बुधवार, २२ जानेवारी

पहिली बसली पारू. तिशीची, तोंडाने फटकळ. काय छान सांगितलं तिने! म्हातारा डोंगरावर होडी बांधतो म्हटल्यावर शेजारी किती हसले असतील, आमच्या वाडीत तर ढोल वाजवला असता, म्हणाली.

मग मी विचारलं, होडीत माणसं किती? तिने बोटं मोजली आणि म्हणाली, नऊ. आठ घरची, आणि एक लिवनारा. कोण लिहिणारा? तर म्हणाली, "तो नाय का, खिडकीखाली बसून लिवतो तो. तुमीच वाचलंत, नि मलाच इचारता व्हय?"

सांगितलं तसं लिहिलं. एखाद्याकडून अशी चूक होते.

गुरुवार, २३ जानेवारी

आज बुधाजी. पारू काल दुपारीच माहेरी गेली, दोघांची भेट नाही. तरी नऊ. बुधाजींच्या सांगण्यात थोडं पुढचंही आहे: पाणी ओसरलं, आठ उतरले, लिवनारा आतच राहिला.

नियम असा की वेगवेगळ्या तोंडून एकच भर आली तर ती सगळ्यांनी कुठल्या तरी एकाच जागेवरून उचललेली असते. ती जागा सापडेना, तर दुसऱ्या तपासनिसाने त्याच खोलीत बसून पुन्हा तपासायचं. म्हणून कर्जतला उज्वलाताईंना कळवलं. त्या आमच्यात हिब्रू उत्तम जाणणाऱ्या. स्टुलावर उभं राहून खिडकीशी फोन धरला की संदेश जातो. त्यांचं उत्तर आलं: नववा कोण, तुम्ही का मास्तर? भाकऱ्या जास्त झालेल्या दिसतात. गरज पडली तर चार तारखेला मी चढते.

शनिवार, २५ जानेवारी

काल सोमी आणि बुधी, आज गौराबाई. तिघींचेही नऊच.

गौराबाई वाडीतल्या सर्वांत वयस्कर. त्यांनी शेवट असा सांगितला की दुसरा लिवनारा येऊन बसतो तेव्हा पहिला उतरतो. मी विचारलं, नाही आला तर? त्या म्हणाल्या, मग बसतो, काय करील! आणि माझ्याकडे जरा मायेने बघून म्हणाल्या, "तुमी आलात तवाच तर तो उतरला, बाबा." कोण, ते सांगेनात. भाकरी झाकून ठेवून गेल्या.

सोमवार, २७ जानेवारी

काल एकट्यानेच उपासना केली. आज दार उघडायला नऊ वाजले. इतका उशीर का, असं मी बुधाजींना विचारलं. ते गोंधळले. म्हणाले, आम्ही पहिल्याच दिवशी काय ती कडी लावली. त्यानंतर "दार तर तुमीच लावता, मास्तर. आमी ढकलतो, उघडत नाय, मंग येकदम उघडतं."

आतून लावायला कडीच नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

एकच जागा कुठली, ते सापडलं.

मी वाचतो ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो. आज दुपारी पारूच्या वेळचं वाचन ऐकलं. माझाच आवाज. शांत, चर्चमध्ये वाचतो तसा. नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना — आणि मग, जराही न अडखळता, "आणि खिडकीखाली बसून लिहिणारा."

कागदावर ते वाक्य नाही. सहा वेळा पाहिलं. पाचही वाचनांत आहे. शेवटही आहे, गौराबाईंनी सांगितला तसाच. त्यांनी काही भर घातली नाही बिचाऱ्यांनी. मी वाचलं, त्यांनी परत सांगितलं.

पिशवी भरली. भर दुपारी, उन्हात खाली उतरायचं ठरवलं.

दार बंद आहे.

बुधवार, २९ जानेवारी

रात्री आणि सकाळी हाका मारल्या. घसा बसला. स्टुलावर चढून पाहिलं — लोक दिसतात. पारू परतली आहे, हंडा घेऊन चालली होती. पण मी तिच्याकडे वरून पाहत होतो. मला तिचा भांग दिसत होता. ही खिडकी जमिनीपासून एवढी उंच नाही.

ताईंना आणि घरी संदेश पाठवले: दार अडकलं आहे, कुणाला तरी पाठवा.

गुरुवार, ३० जानेवारी

घरून फोन. आवाज तुटत होता. बायको म्हणाली, मेहुणा वर जाऊन आला, समाजमंदिर उघडंच होतं, आत कोणी नव्हतं, तुम्ही आहात कुठे? मग फोन कट.

खिडकीतून पाहिलं. खाली समाजमंदिराचे पत्रे दिसतात. दार सताड उघडं. गौराबाई आत झाडत आहेत.

मग मी कशात आहे?

शुक्रवार, ३१ जानेवारी

कोब्याची जमीन हलते. सावकाश. एका बाजूला, मग दुसऱ्या. भिंतीला कान लावला — पाणी. जानेवारीत, डोंगरावर, पाणी.

बाहेरच्या आंब्याचा शेंडाही आता खाली आहे.

स्तोत्र म्हणायला बसलो. मध्येच थांबलो. तोंडातून दुसरंच काही निघालं तर —

रविवार, २ फेब्रुवारी

अकरा वाजले. आता अंगठी घालत असतील. की माझ्यासाठी थांबले असतील — दीप्ती थांबेल. ती थांबणारी आहे.

भाकरी संपली.

खिडकीतून आता फक्त पाणी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताईंचा संदेश. तुमच्या घरचे शोधत आहेत, पोलिसांत गेलेत. मी उद्या सकाळी चढते. त्याच खोलीत बसते, तोच पाठ वाचते, हे नऊ काय आहे ते बघतेच.

वाचलं आणि — लिहायचं खरं ते — आनंद झाला. इतका, की रडलो. उद्या त्या बसतील. मी उतरेन. दीप्तीसमोर उभा राहीन.

मेहुणा आला आणि परत गेला. पोलीसही जातील. बसून वाचणारा तेवढा अडकतो.

ताईंची आई अंथरुणावर आहे. आईला त्या स्वतःच्या हाताने भरवतात.

संध्याकाळपर्यंत तो संदेश पुसला नाही. उत्तरही दिलं नाही. प्रभू, मी पाच तास काही केलं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी सहा

तपासणीचे कागद फाडून खिडकीतून टाकले. ध्वनिमुद्रणं पुसली. या कामाच्या अठरा वर्षांत मी कुणाच्या तोंडचा एक शब्द बदलला नव्हता.

मग लिहिलं: ताई, नऊ ही माझी चूक. लोक आठच म्हणतात. पाठ अगदी बरोबर आहे, दुसऱ्या तपासणीची गरज नाही. मी ठीक आहे, दूर आलो आहे, घरी कळवतो. वर चढू नका. तो पाठ त्या खोलीत कुणालाही वाचू देऊ नका.

पाठवलं. गेलं.

उत्तर आलं — सापडलात एकदाचे! जीवात जीव आला. आणि माझं चढणंही वाचलं हो, मास्तर.

वाचलं. त्यांचं चढणं वाचलं.

जमीन पुन्हा — प्रभू, हे खोटं माझ्याच नावावर लिही, त्यांच्या नको, आणि दीप्तीला —