दसऱ्याचं इंजिन

पूनम सागर, मीरा रोड
श्रावणातला दुसरा शनिवार

प्रिय रुचिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी हसू आलं असेल. फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, आणि हा माणूस पोस्टाची तिकिटं चिकटवत बसलाय. पण फोनवर मी काकांचं नाव काढलं की तू "बाबांचं सोडून बोल" म्हणतेस, आणि मीही लगेच भोपाळच्या थंडीवर येतो. सहा वर्षं आपण त्या थंडीवरच बोलतोय. कागदाला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून कागद. पत्र काकांबद्दलच आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही बापलेक पुन्हा बोलायला लागावं अशी माझी इच्छा आहे, तीही लपवत नाही. बाकीचं ओळीने येईल, मला जमेल तसं. मिनल म्हणते, माझा नवरा लग्नाची पत्रिका द्यायला जाईल आणि पाहुण्यांच्या गावच्या पावसाची चौकशी करून परत येईल. तिच्याशी वाद घालत नाही, कारण तसं मी एकदा केलंय.

वैशाखात काका आमच्या लॅबमध्ये आले ते कवळी घ्यायला. जुनी ढिली झाली होती, भाकरी चावताना हलायची. डॉक्टरने माप आमच्याकडेच पाठवलं होतं. मी म्हटलं, जेसल पार्कहून कशाला येता, घरी आणून देतो, तर म्हणाले, मला काय पाय नाहीत? कवळी बसवून झाली आणि त्यांचा हात शेल्फवरच्या माझ्या इंजिनाला लागला. तुला माहितीये माझा हा नाद, शेडमागच्या क्वार्टर्समध्ये काड्यापेट्यांच्या गाड्या करायचो तेव्हापासूनचा. हे इंजिन मात्र विलायती, एका डेंटिस्टने लंडनहून येताना आणलेलं, हिरवंगार, वीतभर लांबीचं, खरीखुरी चाकं फिरणारं. काकांनी ते उचललं, अंगठा चाकांवरून फिरवला, मग बॉयलरवरून, मग छपरावरून. बराच वेळ. आणि म्हणाले, "चाकं आपल्यासारखीच हायत रे. वरचं सगळं सायबाचं. ह्याला आपलं करता येईल काय?"

आपलं म्हणजे कुठलं, हे विचारायची गरज नव्हती. चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याचं. तो फोटो तुझ्याकडेही असणार: काकांचं इंजिन शेडबाहेर उभं, पुढच्या जाळीवर फ्रॉक घातलेली तू, बाजूला कुंकवाचं तबक घेतलेली तुझी आई, सरूकाकू, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी हाताला धरून बोट चोखणारा मी. एरवी वर्षभर ती इंजिनं कशी असायची, आठवतंय ना? काजळी, तेल, राख. रंग कुठला ते त्यांच्या आईलाही ओळखू आलं नसतं. पण दसऱ्याच्या आठवडाभर आधी ज्याच्या त्याच्या इंजिनावर जो तो तुटून पडायचा. ड्रायव्हर, फायरमन, खलाशी, सगळे ब्रश घेऊन. रेल्वेचा काळा रंग रेल्वेचा, पण कडेची पट्टी, तोंडावरचा तारा, चाकांच्या कडा हे ज्या त्या ड्रायव्हरचं स्वतःचं. कुणी मोर काढायचा, कुणी त्रिशूळ. असली रंगसंगती कुठल्या पुस्तकात नाही आणि ती टिकायचीही एकच दिवस. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली की पुन्हा काजळी. माझ्यासारख्या हौशी लोकांत तर असली मॉडेलं मुद्दाम मळवायची पद्धत आहे, धूर बसल्यासारखी, खरी वाटावीत म्हणून. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "कचरा लावायचा न्हाय. दसरा हाय."

तेव्हापासून आमचं सुरू झालं. दुपारी दोन ते चार लॅबचं मशीन बंद असतं. मिनल मागच्या खोलीत जरा आडवी होते, रस्त्यावरही सामसूम असते, आणि काका छत्री टेकत येतात. मी हिरवा रंग उतरवला. साहेबाच्या इंजिनाला उन्हाचा काय पत्ता, म्हणून केबिनवर छज्जा लावला, तो कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचा आहे, कुणाला सांगू नकोस. पुढची जाळी दातांच्या तारेची. मोठा दिवा हवा होता, तर लहान पोरांच्या दाढेला बसवतात ती स्टीलची टोपी उलटी लावली. अशी बसली की काकांनी बोटाने चाचपून मान डोलावली. माप एक केसभर चुकलं तरी त्यांच्या अंगठ्याला कळतं. मी फोटो मोठा करून आणला, समोर ठेवला, तर त्यांनी बघितलासुद्धा नाही. म्हणाले, फोटो कशाला, मला पाठ आहे. मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं.

काळ्यापांढऱ्या फोटोत पट्टीचा लाल कुठला ते कसं कळणार? तीन आठवडे आम्ही त्या लालमागे होतो. सिग्नलचा लाल नव्हे. कुंकवाचा नव्हे. शेवटी म्हणाले, पिकलेला रातांबा फोडल्यावर हाताला लागतो तो. त्यांच्या रत्नागिरीतलं झाड माझ्या डोळ्यांसमोर कुठलं असणार? मिनलने बाजारातून रातांबे शोधून आणले, आमच्या बिल्डिंगखालच्या भाजीवाल्याला "भैया, कोकम नहीं, उसका फल" असं चार दिवस समजावून. मी फोडला, रंग मिसळत बसलो, आणि काका रातांब्याचा वास घेत खुर्चीत डोळे मिटून होते. त्या दुपारी ते तुझ्याबद्दल पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तारा रुचीने रंगवला होता. मी खांद्यावर घेतली होती, तिचा हात पुरत नव्हता, एक टोक वाकडं आलं. बाकीचे हसले, पण मी ते काजळी पुसून पुसून वर्षभर तसंच ठेवलं. मी पुन्हा रंग ढवळायला लागलो.

एकदा टेबलावर गोल रूळ मांडून मी इंजिन नुसतंच फिरवलं, अर्धवट, बिनरंगाचं. काका खुर्ची पुढे ओढून बसले. इंजिनाची बारीक टिकटिक, पंख्याचा आवाज, पडद्यातून येणारा उन्हाचा पट्टा, आणि ते हळू आवाजात एकेक स्टेशन घेत होते, आउटर सिग्नल, होम सिग्नल, लाईन क्लियर, जसं फायरमनला ओरडून सांगायचे. मला खरंच डुलकी लागली. आपल्या क्वार्टर्सच्या अंगणात खाटेवर पडलोय आणि दूर शेडमध्ये वाफ सुटतेय, तू कुठेतरी भोंडल्याची गाणी चुकीची म्हणतेयस, असं काहीतरी. जागा झालो तर इंजिन रुळावरून घसरून टेबलाच्या कडेशी आडवं पडलं होतं, चाकं हवेत फिरत होती आणि काका अजून स्टेशनं म्हणत होते. मी गुपचूप ते उचलून रुळावर ठेवलं. त्यांना आवाज आला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

रुचिता, मी मूर्ख नाही. दातांचं काम करणारा माणूस पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखतो. पण समोरचं माणूस ओळखायला मला आषाढ उजाडावा लागला. दमट हवेत काळा रंग मारू नये, हे मला ठाऊक असून मी मारला. काकांना घाई होती आणि त्यांची घाई मलाही लागली होती. सकाळी बघतो तर सगळ्या काळ्यावर पांढरट साय आलेली. मग काय, पुन्हा पहिल्यापासून. ब्रेक ऑईलमध्ये बुडवून रंग काढला, धुतलं, आणि खाली रेड ऑक्साईडचा हात मारून ठेवला, आपल्या खिडक्यांच्या ग्रिलला मारतात तो विटकरी. तेवढ्यात काका आले. मी म्हणणार होतो की थांबा, अजून काळा द्यायचाय. त्यांनी इंजिन हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, नाकाजवळ धरून इकडून तिकडून फिरवलं आणि म्हणाले, "आत्ता जमला बघ काळा. तेव्हा अस्साच होता." मिनल चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी म्हटलं, हो काका, जमला.

त्यांना घरी सोडायला रिक्षा केली. जेसल पार्कला उतरल्यावर त्यांनी जिना चढताना पायऱ्या मोजल्या, तोंडातल्या तोंडात, आणि कुलपाला किल्ली लावताना डावं बोट भोकावर ठेवलं. फ्रिजमध्ये दूध ठेवायला गेलो तर दारात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या होत्या, तीनेक, न फोडलेल्या. दुसऱ्या दिवशी फक्त चष्म्याचा नंबर बघू म्हणून डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. दोन वर्षांपूर्वीच निघाला होता आणि ह्या माणसाने कुणाला सांगितलं नाही. रेल्वेत दर खेपेला डोळ्यांची तपासणी पहिल्या नंबराने पास झालेला ड्रायव्हर, सबंध नोकरीत एक सिग्नल चुकला नाही, तो थेंबांना भिऊन बाटल्या फोडत नव्हता. डावा डोळा गेला आहे. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजव्यात मधलं थोडं शिल्लक आहे, ते औषधाने टिकवायचं. आता थेंब मिनल घालते, रोज दुपारी, आणि घातल्याशिवाय इंजिनाला हात लावू देत नाही. परवा मी खरा काळा दिला, रातांब्याची पट्टी ओढली, चाकांच्या कडा चुन्यासारख्या पांढऱ्या केल्या. काकांनी विचारलं, काळ्याला पुन्हा काय केलंस? मी म्हटलं, पॉलिश.

दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या त्यांनी माझा दंड धरला आणि शपथ घातली. म्हणाले, प्रणित, तुझ्या आईची शपथ आहे, रुचीला कळवायचं नाही. तिच्यामागे मुलाचं, साईराजचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, घर आहे, पोरीला धावपळ नको. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, ह्याच दोन हातांनी दंड धरलेला असताना, असल्याच एका दवाखान्याच्या दारात. तेव्हा साईराजची दहावी होती.

होय, रुचिता. सरूकाकू ॲडमिट होत्या ते अकरा दिवस तू सहा वर्षं बाबांच्या नावावर मांडलेस. त्यातला एकेक दिवस मला माहीत होता. डबा मी नेत होतो. सातव्या दिवशी काकूंनी मला विचारलं होतं, रुची कधी येते, आणि मी म्हटलं होतं, पेपर संपले की. मी शपथ पाळत होतो. तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि आमच्या जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तू म्हणालीस, प्रणित, एकाने तरी मला सांगायला हवं होतं ना. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून गप्प राहिलो. बाबांशी बोलणं तू तोडलंस, मला मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवत राहिलीस, आणि मी तो खात राहिलो. आज ही शपथ मी मोडतोय. काकांना सांगूनच मोडली, आज दुपारी. त्यांनी एवढंच विचारलं, तिला आरक्षण मिळेल काय इतक्यात? माझ्यावर जो राग धरायचा तो धर, तो माझाच आहे, सहा वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता. पण लवकर ये. आणि आलीस की दारातून हाक मारू नकोस, बाजूला बसू नकोस. बाजूचं त्यांना दिसत नाही. अगदी समोर उभी राहा.

ठेवलंस तर तुझाच,
प्रणित