उपणणीचं वारं आणि ओट्यावरचा फोन

मु. पो. देवखडक, ता. नेवासा
दि. ५ मार्च १९९५

चि. शुभांगीस, भीमराजचा सप्रेम जयभीम आणि अ. आ.

पत्राला उशीर झाला, कारण तुझा बाप हल्ली फार कामाचा माणूस झाला आहे. गावचा बिनतारी फोन आपल्या ओट्यावर बसून दीड महिना झाला. ज्या ओट्यावर वरच्या आळीतलं माणूस कधी टेकलं नाही, तिथे आता संध्याकाळी रांग लागते. परवा तर मंडळींनी तुझ्या आईच्या हातचा चहा मागून घेतला. पाटकरी म्हणून तीस वर्षं कालव्याची दारं उघडली-झाकली, पण एवढा मान मिळाला नव्हता.

अँटेनाचा लोखंडी पाईप म्हणजे वस्तीतली सर्वांत उंच वस्तू. माघ पौर्णिमेला त्याच्या टोकाला पंचशील ध्वज चढवला. नेवासा रस्त्यावरून दिसतो, बघशील तर ऊर भरून येईल.

पण एक घोर लागला आहे. फोन मधेच तुटतो. चांगलं बोलणं चाललेलं असतं आणि एकदम खरखर होऊन सगळं मुकं. टेलिफोन खात्याचा माणूस दोनदा आला, पण सकाळी आला, आणि सकाळी फोन शहाण्यासारखा वागतो. आता खात्याचे साहेब ३ एप्रिलला स्वतः बघणार आहेत. तेव्हाही तुटला तर फोन वरच्या आळीत गोरक्षनाथच्या दुकानात जाईल. गोरक्षनाथने तर फळीवर जागासुद्धा करून ठेवली आहे. फोन गेला तर रांगही जाईल, चहाही जाईल. तू इलेक्ट्रॉनिक्सची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, तेव्हा काय ते बघ.

तुझा बाप,
भीमराज, निवृत्त पाटकरी व हल्ली फोनवाले

—

मुलींचे वसतिगृह, पुणे
दि. ९ मार्च १९९५

ती. बाबांस, शुभांगीचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. “फोनवाले” ऐकून सगळ्या हसल्या आणि मला उगाच ताठ बसावंसं वाटलं.

आता सांगते तसं करा. आईने फोनवर घातलेलं विणकामाचं झाकण आणि तुम्ही घातलेला हार आधी काढा. डबा ओल्या फडक्याने पुसू नका, तो काही देव्हारा नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल तर कोरड्या कापडाने खरवडा. अँटेनाचं तोंड नेवाशाच्या टॉवरकडे असायला हवं. ते जरा जरी फिरलं तरी आवाज जातो. आणि कालव्याच्या पाळ्या लिहायचात तशी वही घाला. फोन कधी तुटला, कधी परत आला, एवढंच लिहा. अंदाज नको, आकडे हवेत.

आईच्या गुडघ्याला तेल लावता का? उत्तरात हे आधी लिहा.

तुमची,
शुभांगी

—

देवखडक
दि. २० मार्च १९९५

चि. शुभांगीस, अ. आ.

तेल लावतो. हार काढला, झाकण काढलं, बॅटरी लख्ख केली. अँटेना सकाळी बघितली, तोंड बरोबर नेवाशाकडे. तरी फोन तुटतोच. वही घातली. आठ दिवसांत पाच दिवस तुटला, तोही दुपारी चारनंतर. तीन दिवस अजिबात नाही. वहीकडे बघून माझं डोकं चालेना. गोरक्षनाथ जाता-येता विचारतो की फोनला बरं आहे का.

काल मी वही मोठ्याने वाचत होतो. तुझी आई मागच्या खळ्यावरून ज्वारीने भरलेलं सूप घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, “ज्या दिशी उपनायला वारं सुटतं, त्या दिशी तुमचा फोन मरतो. मंगळवारी वारंच नव्हतं, मी रास तशीच झाकून ठिवली. बगा तुमची वही.” बघितली. मंगळवार, बुधवार, शनिवार, तिन्ही दिवस ज्वारी झाकलेली आणि फोन ठणठणीत.

मी म्हणालो, वाऱ्याचा आणि फोनचा काय संबंध, तो काही पतंग आहे? तरी तुला कळवतो, कारण तू आकडे मागितले होतेस.

तुझा बाप,
भीमराज

—

पुणे
दि. २५ मार्च १९९५

ती. बाबांस सा. जयभीम. वि. वि.

आईने बरोबर पकडलं. मी सरांना विचारलं, तेही हेच म्हणाले.

पुढचं लिहायला हात धजत नाही. बाबा, दोष ध्वजाचा आहे. संध्याकाळच्या वाऱ्याने तो फुगतो आणि पाईपला पीळ देतो. अँटेना नेवाशाकडचं तोंड फिरवते. वारा पडला की ताणाच्या तारा तिला परत जागेवर आणतात, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसतं. बुडाच्या पट्टीचे नट पान्याने आवळा, पण तेवढ्याने भागणार नाही.

तुम्ही तो कोणत्या मनाने चढवला हे मला कळतं. तुम्हाला जे बरोबर वाटेल ते करा. मी रागावणार नाही.

तुमची,
शुभांगी

—

देवखडक
दि. ४ एप्रिल १९९५

चि. शुभांगीस, भीमराजचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ अ. आ.

तुझं पत्र वाचून एक वेळ जेवलो नाही. ध्वज उतरवायचा, तोही गोरक्षनाथच्या डोळ्यांदेखत? तुझ्या आईने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, “निशान दुसऱ्याच्या काठीवर कशाला? त्याला त्याची सवताची काठी द्या.”

दुसऱ्याच दिवशी वस्तीने मिळून बांबू आणला, ओट्यापुढे खड्डा घेतला आणि वंदना म्हणून ध्वज त्यावर चढवला. पाईपपेक्षा हातभर उंचच आहे. मग पान्याने नट आवळले.

काल साहेब मुद्दाम संध्याकाळी आले. वारं असं सुटलं होतं की ध्वज फडफडत होता. गोरक्षनाथ श्रीगोंद्याला दिलेल्या आपल्या लेकीशी बोलायला बसला. मी घड्याळ बघत होतो. सात मिनिटं झाली, अकरा झाली, फोन तुटला नाही. शेवटी बोलणंच संपलं. साहेब म्हणाले, फोन इथेच राहील.

मग त्यांनी विचारलं की दोष कोणी शोधला. माझ्या तोंडावर तुझं नाव आलं होतं, माझी लेक इंजिनिअर होते आहे म्हणून. पण तुझी आई दारात उभी होती, डोक्यावर ज्वारीचा भुसा. मी तिच्याकडे बोट केलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, “दोष शोधणाऱ्या : बनाबाई भीमराज.” शुभे, आजवर सरकारी कागदावर तिचं नाव होतं ते रोजगार हमीच्या हजेरीपटावर, खडी फोडणाऱ्यांत. तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि वारं आहे तोवर रास उरकते म्हणून खळ्यावर गेली.

आता फोन कर, संध्याकाळीच कर. माया आहे तशी असू दे.

तुझा बाप,
भीमराज, बनाबाईचा नवरा