काचेवरच्या कुरडया

खुटबाव, ता. दौंड
जयंतीच्या दुसऱ्या दिवशी

आदरणीय साहेबरावदादांना धाकटी बहीण ताईबाईचा जय भीम. वहिनींना, सम्राटला आणि सूनबाईंनाही सांगा. वहिनींची शुगर कशी आहे? काल मिरवणुकीनंतर त्यांनी दोन वाट्या खीर खाल्ली असणार, हे मी इथं बसून सांगते. माझी तब्येत उत्तम आहे. एक दात हलतो आहे, पण बाकीचे जागेवर आहेत.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, की रविवारी तुमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधली दोन माणसं घेऊन येतो, गच्चीवरचं सोलर उतरवतो आणि तुलाही कोरेगावला कायमची घेऊन जातो. मी "पण दादा" एवढंच म्हटलं, तोवर तुम्ही फोन ठेवला. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र लिहिते. तुमचं म्हणणं असं, की बसवणारी कंपनी बंद पडली, आता त्या सोलरला वाली नाही, आणि बिघडलं की मी शिडी लावून वर चढणार आणि मान मोडून घेणार. तर सोलर चालू आहे. आणि मी वर चढत नाही. दोन्ही गोष्टी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

झालं असं, की होळीच्या सुमारास विजेचं बिल अचानक वाढून आलं. हे असते तर ही वेळच आली नसती. यांनी दौंडच्या रेल्वे यार्डात जन्मभर सिग्नलचे दिवे सांभाळले, त्यामुळं चकाकणाऱ्या कशावरही धूळ यांना बघवत नसे. दर रविवारी वर जाऊन प्लेटा पुसायचे आणि वरूनच ओरडून सांगायचे, आज शटल लेट आहे. (अजून रविवारी सकाळी मला वाटतं, बादली कुठंय म्हणून हाक येईल. वाटतं, आणि मग मी बादली जागेवर ठेवते. असो.)

मी कंपनीला फोन लावला, तो लागेना. म्हणून शटलनं दौंडला गेले. कंपनीच्या जागी आता ब्युटी पार्लर आहे. आत सायली नावाची मुलगी एका बाईच्या तोंडाला कसलासा लेप फासत होती. मी विचारलं, सोलरवाले कुठं गेले? म्हणाली, "दिवाळीतच गेले आजी. हितं एक पंखा सोडून गेल्यात, त्यो बी फिरत न्हाई. तुमच्या सोलरला काय झालंय?" मी म्हटलं, ऊन घेईना. "मग तोंड धुवा की त्याचं!" यावर लेपवाली बाई एवढी हसली, की तिच्या गालाला भेगा पडल्या आणि सायलीला पुन्हा पहिल्यापासून फासावं लागलं. तिथून मी निघालेच.

गावात आले तर पोपटराव दारात हजर. (कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी. ‘माहीत नाही’ हे वाक्य त्यांना माहीत नाही.) त्यांनी काही न बघताच निदान केलं. "वहिनी, अर्थिंग सुकलंय. रोज बादलीभर पाणी वता, मंग बघा!" मी ओतलं. जमिनीत जिथं अर्थिंगची सळई पुरली आहे तिथं आता अळू आलं आहे, एकेक पान सुपाएवढं. वीज काही वाढली नाही. अळूवड्या मात्र दोनदा झाल्या, पोपटरावांनाही पाठवल्या. तर म्हणाले, "बघा, अर्थिंगला वल लागली!"

शेवटी सोलरबरोबर आलेलं पुस्तक काढलं. मराठीत नव्हतं, हिंदीत होतं. शाळा नाही पाहिली, पण पाट्या वाचत वाचत मराठी आली, तशी हिंदीही आली. त्यात लिहिलं होतं, की एका प्लेटेवर सावली पडली किंवा काही चिकटलं, तर तिच्या ओळीतल्या बाकीच्याही ढिल्या पडतात. म्हणजे एक बैल बसला की अख्खी गाडी उभी. आणि आपल्या चहूबाजूंना गुऱ्हाळं, त्यांची काजळी पडायची ती कुठं पडणार?

मग शेजारच्या कस्तुराबाईला वर चढवलं. मी खाली शिडी धरून उभी. वर तवा परवडला इतक्या प्लेटा काळ्या, आणि खालच्या दोन प्लेटांवर पांढरे चट्टे, त्यांना नख लावलं तर निघेनात. (असं तिनं सांगितलं.) ते चट्टे म्हणजे कुरडयांचा चीक. मागच्याच महिन्यात तिच्या कुरडया आमच्या काचेवर वाळल्या होत्या! मी बोलले तर मलाच म्हणते, "मग कुठं वाळवू? अंगणात शेळ्या, बाजेवर कोंबड्या. काच कशी तापती! एका दिसात खडखडीत." कुरडया झाल्या होत्या सुरेख, तळल्यावर दुप्पट फुलल्या, हे मला मान्य करावं लागलं. पण आमची वीज तिच्या कुरडयांनी खाल्ली.

पहाटे काच थंड असताना पाणी मारायचं, चीक भिजू द्यायचा, मऊ फडक्यानं पुसायचं. तापल्या काचेवर गार पाणी घालायचं नाही. तेवढ्यात पलीकडून शटल जाते, तिच्या खिडक्यांतले दिवे वरून एका ओळीत दिसतात, आणि थोडा वेळ हातातलं फडकं तसंच राहतं. (कस्तुराबाईचं.) ऊन वर आलं तसा यंत्रावरचा आकडा चढत गेला, यांच्या वेळी चढायचा तसा. मी दोघींना चहा टाकला.

तेव्हा रविवारी येण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या घरी माया आहे, दादा, ती मी जाणते. पण तिथं मला दिव्याचं बटण विचारावं लागतं. इथं अंधारातही यांनी ठोकलेल्या खिळ्यावर माझा हात आपोआप जातो. मी इथं बरी आहे. नुसती बरी नाही, चांगली आहे.

तुमची बहीण,
ताईबाई

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र कस्तुराबाईला वाचून दाखवलं. ती उठून उभी राहिली. म्हणते, "माझं गुडघं गेल्यालं, मी उंबरा चढताना देवाचं नाव घेती, आन् मला शिडीवर चढवती व्हय गं? मी कवा चढले? कुरडयांचं ताट म्या तुझ्या हातात दिलतं. काचंवर घालते म्हणणारी तूच!" हे जसंच्या तसं लिही म्हणाली, आणि लिहून होईपर्यंत हलली नाही. शिडी तीच धरते, तेवढं खरं आहे.

ता. क. दुसरा. आता कळलंच आहे, तर रविवारी याच. पण न्यायला येऊ नका. शिडी हलते, तुमची भीती काही खोटी नाही. तुमच्या शेडमध्ये लोखंडी जिना करून आणा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला. उंची मी गच्चीवरून दोरी सोडून मोजली आहे, दोरी पाकिटात घातली आहे. पायऱ्या बुटक्या ठेवा, कस्तुराबाईलाही वर यायचं आहे. प्लेटांच्या मागं दोघी बसतील एवढी सावली असते.