डॉक्टरसाहेबांचा खालचा खण

२ फेब्रुवारी, रविवार
आणि परत तेच. फॉर्म, फॉर्म, फॉर्म. जुनेराला शंभरदा सांगितलं की फॉर्म ज्यांचं कोणी नसतं ते भरतात. तुझा सख्खा भाऊ प्रोग्रामच्या आत बसलाय. (बसलाय म्हणजे उभा असतो. पण आत.) तर म्हणते, भाई, वेबसाइटवर लिहिलंय, अर्ज ऑनलाइनच करायचा. वेबसाइट! वेबसाइटवर माझं नावसुद्धा नाही, म्हणजे तिला किती माहिती असणार.

म्हसळ्याहून मस्कतला आजवर जेवढी माणसं आली त्यातल्या एकाने तरी फॉर्म भरला का? अब्दुस्समद चाचाने माझा पासपोर्ट नेऊन मालकाच्या पुढ्यात ठेवला. व्हिसा आला. मी आलो. आणि पोर्तुगीज लोक रेवदंड्याला उतरले, किल्ला बांधला, त्यांनी कुठला फॉर्म भरला होता?

आता त्याच पोर्तुगालमध्ये माझी बहीण शिकणार. मी पाठवणार. ठरलं.

संकल्प: रोज दहा इंग्रजी शब्द.

१३ फेब्रुवारी
आज प्रोग्रामची मोठी मीटिंग. लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर. नाव: जॉइंट इंटरनॅशनल मास्टर्स इन रीजनल इकॉनॉमिक्स. जॉइंट म्हणजे दोन युनिव्हर्सिट्या, एक आमची मस्कतची, एक पोर्तुगालची. पहिलं सेमिस्टर तिकडे, दुसरं इकडे, डिग्री एकच. रीजनल इकॉनॉमिक्स म्हणजे एखाद्या मुलखात पैसा का आहे आणि शेजारच्या मुलखात का नाही, त्याचा अभ्यास. हे मला आठवी पास होऊनही कळतं, पण त्यावर मास्टर्स आहे.

भिंतीवर दोन घड्याळं, एक मस्कतचं, एक पोर्तुगालचं. सेल मी बदलतो. सेल संपला तर मीटिंग कधी सुरू करायची हे दोन्ही देशांना कळणार नाही. म्हणजे प्रोग्राम कोण चालवतं ते उघड आहे.

आज भांडण सर्टिफिकेटवरून. पोर्तुगालवाले म्हणे आमचा शिक्का डावीकडे हवा, तो पहिला. आपले प्रोग्रामचे मुख्य डॉ. नासर म्हणे आमचा उजवीकडे हवा, अरबीत उजवा पहिला. दोन तास वाद घातला. मग लक्षात आलं की दोघांनाही हवं ते आधीच मिळालंय. मी तीनदा कहवा फिरवला म्हणून निभावलं.

शब्द: दोन. मीटिंग होती.

२२ फेब्रुवारी
चाचा सुट्टीवरून परत आला. जुनेराचा पासपोर्ट आणला, सोबत अर्धा किलो सोडे, सुकवलेली कोळंबी. सोडे मी मागवले होते. साहेबांच्या पुढे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

जुनेरा पासपोर्ट द्यायला तयार नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः काढलेला, त्याचाही फॉर्म तिनेच भरलेला, म्हणून जास्त प्रेम. शेवटी अम्मीने कपाटातून काढून दिला.

चाचा माझ्यावरच घसरला. अरे राहील, पोरीचा पासपोर्ट हाय हा, सुकट न्हाय कुनाच्याबी पिशवीत टाकायला. तिला तिकडं लागला तर? मी म्हटलं, चाचा, माझा पासपोर्ट चार वर्षं कंपनीच्या खणात आहे, मला कधी लागला? चाचा म्हणाला, येडा हायेस. आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला.

म्हातारा झालाय. स्वतः अख्खं गाव इकडे आणलं आणि आता घाबरतो.

२६ फेब्रुवारी
काम झालं!

डॉ. नासरांच्या केबिनमध्ये गेलो. पासपोर्ट, त्यावर सोड्यांची पुडी. म्हटलं, सर, माय सिस्टर. फर्स्ट क्लास बीए इकॉनॉमिक्स. साहेबांनी पुडीचा वास घेतला, हसले, म्हणाले, इन्शाअल्लाह, राहील, इन्शाअल्लाह. तेवढ्यात त्यांची ऑनलाइन मीटिंग लागली. दोन्ही वस्तू खालच्या खणात टाकल्या आणि किल्ली फिरवली.

किल्ली फिरवली! वरच्या खणात नुसते पेन असतात. खालच्या खणाला कुलूप. माणूस किमती वस्तूच कुलपात ठेवतो.

ऑफिसची सेक्रेटरी लीना मॅडम. केरळच्या. त्यांना सांगितलं तर कपाळाला हात. म्हणाल्या, राहील, ॲडमिशनला ओरिजिनल पासपोर्ट लागत नाही, आत्ताच्या आत्ता परत घे. मॅडम हुशार आहेत, पण त्यांना इकडची रीत माहीत नाही. सोळाच वर्षं झाली आहेत त्यांना.

९ मार्च
रोजे. शब्द बंद. ईदनंतर रोज वीस.

अम्मी फोनवर म्हणाली, तू एका जागी टिकलास हेच नवल. रेवसच्या धक्क्यावर दोन महिने, पालीच्या लॉजवर एक सीझन, तळोज्याच्या कंपनीत आठ दिवस. इथे चार वर्षं. मी म्हटलं, अम्मी, तिथे माझ्या लायकीचं काम नव्हतं.

(पासपोर्ट कंपनीकडे आहे. टिकणार नाही तर जाणार कुठे. पण हे फोनवर बोलायचं नसतं.)

१२ मे
अल्हम्दुलिल्लाह. जुनेराची निवड झाली. पूर्ण स्कॉलरशिप. अख्ख्या जगातून दोन जणांना मिळते, त्यातली एक आमची जुनेरा.

मीच केलं हे.

फोनवर म्हणाली, भाई, एक सांगू, रागावू नको. फॉर्म मी फेब्रुवारीतच भरला होता, तू नको म्हणालास त्याच दिवशी. नंतर ऑनलाइन मुलाखतही झाली. मी माफ केलं. भरला तर भरला. पण फॉर्मने काय होतं? फॉर्म नऊशे आले होते. खणात पासपोर्ट कितीजणांचे होते? एकीचा.

लीना मॅडमनी तिचा अर्जासोबतचा निबंध वाचून दाखवला आणि हिंदीत समजावला. सुरुवातच अशी: आमच्या गावची मुख्य निर्यात आंबा नाही, मासळी नाही. भाऊ. पुढे म्हसळ्यातल्या नव्या बंगल्यांची गोष्ट, वरच्या मजल्याला बाहेरून कुलूप आणि खाली दोन बायका दोन खोल्यांत राहतात. भाऊ पैसे पाठवतात, पैशाचं घर होतं, घरात राहायला भाऊ नसतो. तर अशा गावात पैसा येतो की जातो?

मॅडमनी कागद घडी घालून ठेवला. त्यांचंही केरळात घर आहे.

मला एवढंच वाटलं की घरच्या गोष्टी बाहेर लिहायच्या नसतात. पण ठीक. माझ्यावर निबंध लिहून निवड झाली, म्हणजे तिथेही मीच.

आज तिच्या नावाची पाटी बनवली, मीटिंगमध्ये टेबलावर ठेवतात तशी. लॉकरमध्ये ठेवली. दुसऱ्या सेमिस्टरला ती इकडे येईल तेव्हा तिच्या पुढ्यात मी स्वतः ठेवणार. बाकी पोरांना काही बोलणार नाही. फक्त कहवा आधी तिला देणार.

१८ मे
जुनेराचं नवीन टुमणं. पासपोर्ट पाठव. पोर्तुगालच्या व्हिसासाठी मुंबईत १० जुलैची अपॉइंटमेंट मिळालीय, ओरिजिनल लागतो. म्हटलं, पाठवतो की, जुलै लांब आहे. तर म्हणे, भाई, आज माग. अरे, काम झाल्या झाल्या दिलेली वस्तू परत मागायची? साहेबांना काय वाटेल? भरवसा नव्हता वाटेल.

आज आणखी एक गंमत. आपल्या प्रोग्रामची एक विद्यार्थिनी, घानाची, अमा नाव. पॅन्ट्रीत आली. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांचा सर्व्हे करतेय. तोडक्या हिंदीत विचारलं, दर महिन्याला किती पाठवता, कशासाठी? मी म्हटलं, चाळीस हजार. एज्युकेशन.

तिने लिहून घेतलं. थँक यू म्हणाली. मी तिला जास्तीची बिस्किटं दिली.

चाळीस आता नाही जात. पण पुढे जाणारच आहेत. सर्व्हे पुढच्यासाठीच असतो.

१ जून
लीना मॅडम म्हणाल्या, डॉक्टर मंगळवारी जाणार, आधी पोर्तुगाल, मग रजा, ऑगस्टअखेर येतील. आज माग. मी मागते हवं तर. मी म्हटलं, नको मॅडम, आमचा घरचा विषय आहे.

तीनदा कहवा घेऊन गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा वाचत होते. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच वर बघून विचारलं, येस, राहील? मी म्हटलं, सर, शुगर?

उद्या नक्की.

३ जून
साहेब गेले. काल त्यांच्या केबिनमध्ये पाहुणे होते. आज विमानतळाच्या गाडीत त्यांची बॅग मीच ठेवली. खांद्यावर हात ठेवला त्यांनी माझ्या. अशा वेळी खणाचं काढतात का?

१७ जून
किल्ली साहेबांकडे. मॅडमनी मेल केला, तर आपोआप उत्तर येतं: मी रजेवर आहे. फोन बंद. जुनेराचे दिवसाला चार फोन. दोन उचलतो. म्हणते, भाई, तो खण तोडा ना कोणीतरी. तिला वाटतं हे आपल्या आळीतलं कपाट आहे.

२६ जून
खण तोडायला परवानगी लागते. प्रोग्राम जॉइंट, म्हणून सामानही जॉइंट. तीन सह्या: एक आमच्या डीनची, एक स्टोअरची, एक पोर्तुगालची. पोर्तुगालहून उत्तर आलं: कारण स्पष्ट करावे. मॅडमनी केलं. परत आलं: वैयक्तिक वस्तू युनिव्हर्सिटीच्या खणात का? याचं उत्तर मॅडमनी मला विचारलं.

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे. आज सफाईच्या वेळी खणासमोर बसलोसुद्धा. मग आठवलं, सिक्युरिटीने धरलं तर कंपनी घरी पाठवेल. घरी पाठवायला माझा पासपोर्ट काढेल, तोही कंपनीच्या खणातून.

एका घरातले दोन पासपोर्ट दोन खणांत. पूर्वी असं कधी मोजलं नव्हतं.

स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला.

१० जुलै
जुनेरा तरीही मुंबईला गेली. पहिल्या एसटीने. पासपोर्टची झेरॉक्स घेऊन, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. दारावरच्या माणसाने फाइल उघडलीसुद्धा नाही. ओरिजिनल? नाही. बाजूला व्हा.

हे तिने नाही सांगितलं. अम्मीने सांगितलं. तिने फोन केला नाही आज.

मी वाट बघितली. कामात होतो, पण बघितली.

१४ जुलै
खण फुटला. माझ्या अर्जाने नाही. वासाने.

साहेब नसले की त्यांच्या केबिनचा एसी बंद असतो. मस्कतचा जुलै. पुडीतल्या सोड्यांनी हळूहळू पूर्ण मजल्यावर हजेरी लावली. सकाळी डीन स्वतः नाकाला रुमाल लावून आले, म्हणाले, इथे काही मेलंय का? तिन्ही सह्या दुपारच्या जेवणाआधी. पोर्तुगालची सुद्धा.

सुताराने पहार घातली. आत पुडी, अळ्या, आणि खाली पासपोर्ट. मी पुसला. डेटॉलने, मग अत्तराने. वास गेला नाही. फोटोवरची जुनेरा सरळ माझ्याकडे बघत होती. पासपोर्टच्या फोटोत सगळे तसेच बघतात.

चाचाच्या ओळखीचा एकजण परवा जातोय. त्याच्या हाती पाठवतो.

३ ऑगस्ट
व्हिसाची पुढची तारीख सप्टेंबरअखेरची. क्लास सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. जुनेराने मेल केले, मॅडमनी केले. उत्तर आलं: नियमानुसार स्कॉलरशिप पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही, जागा वेटिंग लिस्टवरच्या उमेदवाराला दिली आहे, आपल्याला शुभेच्छा.

म्हटलं, जुनेरा, पुढच्या वर्षी. या वेळी मी साहेबांशी नीट बोलतो. तिने विचारलं, भाई, तू जेवलास का? आणि फोन अम्मीला दिला.

२५ ऑगस्ट
साहेब आले. नवीन खण बघून विचारलं. लीना मॅडमनी सगळं सांगितलं. मला बोलावलं.

मला वाटलं, सोड्यांवरून ओरडतील. त्यांनी नवीन खण उघडून परत लावला. मग म्हणाले, भावांच्या निर्यातीवर लिहिणारी ती मुलगी तुझी बहीण? मी म्हटलं, येस सर. म्हणाले, तिला सगळ्यांत जास्त मार्क मी दिले होते. वीसपैकी एकोणीस. आम्हाला अशीच मुलगी हवी होती. तुझी बहीण आहे हे मला कोणी सांगितलं नाही.

मी फेब्रुवारीत सांगितलं होतं. पण तेव्हा मीटिंग लागली होती. त्यांना पुडी तेवढी आठवत होती.

त्यांनी विचारलं, तू पासपोर्ट परत का नाही मागितलास? योग्य वेळेची वाट बघत होतो, असं काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, सर, कहवा आणू?

२ सप्टेंबर
तिकडे क्लास सुरू झाले. ओळखीचा तास ऑनलाइन होता, इथल्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला. पडदा मी लावला. सगळ्या पोरांनी आपापल्या गावाबद्दल दोन मिनिटं सांगितलं. जुनेराच्या जागी आलेला मुलगा चांगला होता. चुका काढायचा प्रयत्न केला, सापडल्या नाहीत.

अम्मी म्हणाली, जुनेरा म्हसळ्याच्या सेतू केंद्रात लागली. दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. रेशन, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट. पासपोर्टवाल्या पोरांना फॉर्म भरून झाल्यावर सांगते म्हणे, हा कुणाच्या हातात द्यायचा नाही, भावाच्यासुद्धा नाही.

माझ्यावर बोलली नाही ती. सगळ्यांनाच सांगते.

संध्याकाळी पैसे पाठवायला गेलो. नवीन खणाचे आणि सुताराचे पैसे पगारातून कापलेत. उरलेले आधी जुनेराच्या खात्यावर टाकायला सांगितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मागच्या वेळी या खातेदाराने पैसे न घेता परत पाठवलेत, पुन्हा तिथेच टाकू? म्हटलं, नको, अम्मीच्या. त्याने विचारलं, कारण काय लिहू, एज्युकेशन?

मागे लाइन होती.

घरखर्च. आठ हजार तीनशे रुपये.