शेवटच्या शब्दाआधीचा श्वास

हेंडरसनव्हिल, टेनेसी
सोमवार, १६ जून १९८६

प्रिय डेल,

अनेक आशीर्वाद. थोरल्या बहिणीचा एवढा हक्क अजून शिल्लक असेल असं धरून चालते.

मी ठीक आहे. दर तीन महिन्यांनी डॉक्टर घशात दिवा घालून बघतात आणि 'स्वच्छ आहे' म्हणतात. गाठ काढून दोन वर्षं झाली. क्लीटची पाठ कशी आहे? खाण सुटल्यापासून घरी बसलेला नवरा सांभाळायचा आणि वर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं रांधायचं, तू कसं निभावतेस कोण जाणे. इकडे उकाडा फार आहे. टोमॅटो लावलेत, पण आपल्या केंटकीतल्या मातीची सर इथल्या मातीला नाही.

माझं काम चालू आहे, असं म्हणायचं. मी दवाखान्यात होते तेव्हा नॅशव्हिलमधल्या झाडून सगळ्या गाणाऱ्यांनी माझ्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम केला होता, आठवतंय ना? एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, माझी गाणी गायले, मला रीतसर निरोप दिला. आणि मग मी मेलेच नाही. आता निरोप दिलेल्या बाईला परत कसं बोलवायचं, हा त्यांच्यापुढे पेच आहे. समोर आले की चेहरा कसा करावा ते त्यांना कळत नाही. जत्रांमधून बोलावणी येतात, पण जाहिरातीत माझ्या नावाआधी 'मरणाच्या दारातून परतलेली' हे आलंच पाहिजे. परवा ओहायोमधल्या एकाने फोनवर विचारलं, "बाई, व्रण दिसेल अशा गळ्याचा झगा घालाल का?" मी घातला.

असो. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी मी आले होते, तर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तक्रार करत नाही, नुसतं लिहिते. आईची कबर तू आधीच झाडून, कागदी फुलं लावून ठेवली होतीस. गवतावर चादरी पसरल्या, डबे उघडले. वाळवलेल्या सफरचंदांचा तुझा थरांचा केक होता, आणि तो तू मला स्वतःच्या हाताने न देता क्लीटच्या हातून दिलास. जेवणं झाली आणि दरवर्षीप्रमाणे सगळे आपल्या दोघींकडे बघायला लागले. आई गेल्यापासून त्या टेकडीवर गाण्याची पहिली ओळ आपणच उचलतो.

कुणीच उचलली नाही. शेवटी ऑर्फामावशी म्हणाली, "दोन-दोन गाणाऱ्या पोरी, आणि माझ्या बहिणीला एक ओळ मिळू नये? मुक्या झालात की काय गं?" मी गळ्याला हात लावून म्हटलं, "मोकळ्या हवेत गायला डॉक्टरांची मनाई आहे, मावशी." कसली मनाई नि कसलं काय. मग तिने तुझ्याकडे पाहिलं. तू केक कापता कापता म्हणालीस, "मी गाणं सोडलं." तेही मान वर न करता.

मावशी मला गाडीपर्यंत सोडायला आली तेव्हा तिने सांगितलं. माझी ती रेकॉर्ड आल्यापासून चर्चमध्ये तुला सगळे म्हणायचे, 'अगदी व्हर्नासारखं गातेस गं.' तू हसून सोडून द्यायचीस. मग तो बाहेरगावचा पाद्री आला आणि त्याने भर सभेत विचारलं, "बहिणीची एवढी हुबेहूब नक्कल करायला किती वर्षं लागली, बाई?" लोक हसले. तू गाण्यांचं पुस्तक मिटून घरी गेलीस आणि त्यानंतर चर्चमध्ये तोंड उघडलं नाहीस. मावशी म्हणाली, "तुझं गाणं लागलं की ती रेडिओ बंद करते. सख्ख्या बहिणीचा एवढा मत्सर बरा नव्हे. तू थोरली आहेस, तू समजाव तिला."

मी म्हटलं, "समजावते."

डेल, गाडी चालवताना मला वाटेत दोनदा थांबावं लागलं.

आता त्या रेकॉर्डबद्दल. लायलने घोळ घातला हे तुला माहीतच आहे. रेकॉर्ड काढणारा तो, कंपनीला तारीख त्यानेच दिलेली. माझ्या गळ्यात नळी, वाजवणारे स्टुडिओत येऊन बसलेले. तो तुला म्हणाला होता, "डेल, तू नुसता कच्चा आवाज भरून ठेव. व्हर्ना बरी झाली की त्याच वाटेवरून गाईल, मग तुझा पुसून टाकू." आपल्या दोघींचे गळे आईलाही शेजारच्या खोलीतून ओळखू यायचे नाहीत, म्हणून तर त्याने तुला बोलावलं. तू शाळेतून आठ दिवसांची रजा काढून आलीस, सकाळी माझ्या उशाशी बसायचीस, दुपारी स्टुडिओत जाऊन गायचीस. बाकीची गाणी मी नंतर कशीबशी घोगऱ्या आवाजात उरकली. ते एक उंच पट्टीतलं गाणं मात्र मला जमलं नाही. त्याने तुझा आवाज ठेवला आणि रेकॉर्डवर माझं नाव छापलं. गाजलं ते तेवढं एकच.

ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी तू जो श्वास घेतेस, लहानपणी ज्याच्यावरून आई तुला रागवायची, तो रेकॉर्डवर स्वच्छ ऐकू येतो. मला त्याच्याबद्दल पत्रं येतात. एका मासिकाने लिहिलं की त्या श्वासात मृत्यूची सावली आहे. टेक्सासमधली एक बाई लिहिते की तिचा नवरा माझ्याच रोगाने गेला आणि तो श्वास ऐकून तिला रडू येतं. मी त्या बाईला सही केलेला फोटो पाठवला.

परवाच्या शनिवारी मला रेडिओवरच्या मोठ्या कार्यक्रमात गायचं होतं. तू ऐकलं नसशील, क्लीटने ऐकलं असेल. मी घरून ठरवून निघाले होते की गाण्याआधी तुझं नाव घ्यायचं. हे माझ्या बहिणीने गायलंय, मी नाही, एवढंच म्हणायचं. पण मी रंगमंचावर पाऊल टाकलं आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. पहिल्या रांगेतली माणसं रडत होती. मी वाजवणाऱ्यांना खूण केली आणि तीन पट्ट्या उतरवून गायले. आवाज फाटला. तो फाटतो तेव्हा लोक जास्त टाळ्या वाजवतात, ते आता मला समजलंय.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी मी श्वास घेतला. मला दम लागला नव्हता. महिनाभर न्हाणीघरात दार लावून तुझा श्वास घोटवला होता. नक्कल कोण करतं, हे त्या पाद्र्याला कुणीतरी सांगायला हवं.

निवेदकाने विचारलं, "या आवाजासाठी आभार कुणाचे मानाल?" मी म्हटलं, देवाचे आणि डॉक्टरांचे.

मंगळवार, दुपारी

काल पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज फोडलं, कारण वर एक खोटं लिहून गेलंय आणि ते तसंच पाठवलं तर मग हे पत्र तरी कशाला लिहायचं.

लायलने घोळ घातला नाही. तो टेप घेऊन दवाखान्यात आला होता. तू माझ्यासाठी सूप आणायला खाली गेली होतीस. त्याने गाणं ऐकवलं आणि म्हणाला, "व्हर्ना, ही पोरगी जे गायली आहे ते पुसायला माझा हात धजत नाही. दोघी बहिणींच्या नावाने काढू या. गाणं तुझं, आवाज डेलचा. लोक डोक्यावर घेतील." मला बोलता येत नव्हतं. उशाशी पाटी होती. मी लिहिलं, 'नको. माझ्या एकटीच्या नावाने.' तो म्हणाला, "औषधाची गुंगी आहे तुला. उद्या विचारतो." मी 'एकटीच्या' खाली रेघ मारली. मग तुझी पावलं ऐकू आली आणि मी पाटी पुसली. तू आत आलीस, सूप फुंकून गार केलंस आणि चमचा चमचा मला पाजलंस.

गुंगी नव्हती, डेल. मला नुसतं बरं व्हायचं नव्हतं, मला गाणारी म्हणून बरं व्हायचं होतं, आणि टेप ऐकताना कळलं होतं की तसं होणार नाही. नंतर तू लायलच्या कचेरीत जाऊन त्याला नाही नाही ते बोललीस. तो गप्प राहिला आणि मीही.

सोबत एक कागद ठेवला आहे. ते गाणं तू गायलं आहेस, रेकॉर्डवरचा आवाज तुझा आहे आणि माझं नाव माझ्या सांगण्यावरून पडलं, असं त्यावर लिहिलंय. खाली माझी सही आहे, आज सकाळी वकिलासमोर केलेली. चर्चमध्ये वाचून दाखव, वर्तमानपत्राला दे, मी नाकारणार नाही. स्वतः उभं राहून सांगणं शनिवारी जमलं नाही आणि पुढच्या शनिवारीही जमणार नाही, मी मला ओळखते. म्हणून तेही तुझ्यावरच टाकते आहे. तू कागद दाखवलास तर मरणातून उठलेल्या बहिणीचं हिने वाटोळं केलं म्हणून लोक तुलाच नावं ठेवतील. दाखवला नाहीस तर जन्मभर माझी नक्कल म्हणून राहशील. दोन्ही मला कळतं आणि तरी मी हे पाकीट टाकायला निघाले आहे.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तू दिलीस की मी हा कागद परत मागेन.

तुझ्या आवाजावर जगणारी,
व्हर्ना