मिस्त्रींच्या डबीतलं जवसाचं तेल

१२ सप्टेंबर

परत आली! सागवानी कपाटाची दोन्ही दारं. गिऱ्हाइकानं टेम्पोतून आणून अंगणात टेकवली आणि चहाही न घेता गेलं. पॉलिशवर जागोजागी डाग — भजी बांधलेल्या कागदावर पडतात ना, अगदी तसे.

आमचे मिस्त्री — म्हणजे उकंडा, माझे यजमान — लाकडाला शिव्या देत बसले. "आजकालचं सागवानच खराब हाय!" सागवान बिचारं गप्प. दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे. रंधा सुळकन सरकावा म्हणून हे त्याच्या लोखंडी तळाला जवसाचं तेल चोळतात. डबीत तेलानं भिजलेली चिंधी, चार-सहा हात मारले की तिनं एकदा तळ पुसायचा. ते तेल लाकडात मुरतं आणि वरून पॉलिश धरत नाही. पूर्वी लोक दारांना तेलच पाजायचे, तेव्हा खपून गेलं. आता सगळ्यांना पॉलिश हवं.

बोलून पाहिलं. "सत्यभामा, माह्या बापानं हेच तेल लावलं. तू अंगणवाडीत पोरं सांभाळली, तेच कर!" अंगणवाडीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण पोर सांभाळणं काही सुटलेलं नाही.

१३ सप्टेंबर

गावच्या बुद्धविहाराला नवं दार करायचंय. समितीवाले आले होते. पण कपाटाची बातमी बाभुळगावभर झालेली! म्हणाले, "मिस्त्री, आधी एक फळी रंधा मारून, पॉलिश करून दाखवा. अठ्ठावीस तारखेले पाहू. नाहीतर कपिल हाय मशीनवाला."

हे हसले. जेवताना मात्र अर्धी भाकर ताटात राहिली. ज्या विहारात चाळीस वर्षं वंदनेला बसले, त्याचं दार दुसऱ्यानं केलं तर हे हत्यारं पेटीत टाकतील आणि कुलूप लावतील. मला भीती वाटते. मग दिवसभर घरात बसून माझ्या भाजीला नावं ठेवतील, ते वेगळंच!

१५ सप्टेंबर

दुपारी हे घोरत होते. मी ह्यांचा जुना रंधा काढला. लाकडाच्या एका तुकड्यावर तळाला खोबरेल लावून चालवला — छान सरकतो, पण डाग तेच. दुसऱ्यावर अंगाचा साबण — वा!

१६ सप्टेंबर

वा कसलं! दमट हवेनं तळाला गंज चढला. घासून घासून खांदे भरून आले. "काय घासून राह्यली वं?" — "तवा."

१८ सप्टेंबर

सापडलं! पावसाळ्याचा वर्षावास चालू आहे. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, रोज मेणबत्त्या. उरलेले तुकडे तानाबाई — तिथली झाडझूड करते ती — बाजूला ठेवते. मूठभर मागून आणले, डब्यात घालून फडताळामागे दडवले. तळावर मेणाच्या दोन रेघा ओढल्या, आणि रंधा असा पळाला की मीच फळीवर आडवी व्हायची राहिले. वर पॉलिश लावून पाहिलं. डाग नाही!

पण "मेण लावा" म्हटलं की बापाचं तेल खोटं ठरतं. गेलेल्या बापाला खोटं पाडणं ह्यांना जमायचं नाही. खरं सांगू, ते मलाही बघवायचं नाही. मग? लबाडी!

१९ सप्टेंबर

मेण पातळ केलं, नवी चिंधी बुडवली, डबीत ठेवली. झाकणाला आतून जवसाचा एक थेंब, वासापुरता. अंगणवाडीत पोरांना गोळी गुळात घालून द्यायचे, तसंच.

"चिंधी कडक काहून झाली वं?"

"थंडी पडून राह्यली ना."

बाहेर अंगाची लाही होत होती!

२२ सप्टेंबर

घोटाळा! तुकड्यांत कुणाची तरी गुलाबाच्या वासाची मेणबत्ती निघाली. मला कळलंच नाही. हे लाकडाचा छिलका नाकाशी धरून बसले. "सागवानाले गुलाबाचा वास येऊन राह्यला वं!"

"जंगलात शेजारी गुलाब असन."

जंगलात गुलाब! छिलका पुन्हा एकदा हुंगला, माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पुन्हा रंधा. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले.

२५ सप्टेंबर

चिंधी तीनदा बुडवून झाली. फडताळामागचा तुकड्यांचा डबा काही उणा होत नाही. तानाबाईनं मूठ दिली होती की पोतं?

२८ सप्टेंबर

जिंकलो! फळीत समितीच्या अध्यक्षांना स्वतःचं टक्कल दिसलं. दार आपलं! कपिलही आला होता. फळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मिस्त्री काका, रंध्याले काय लावता वो?" ह्यांनी छाती फुगवून डबी दाखवली. "जवसाचं तेल. माह्या बापाचं." मला खोकल्याची अशी उबळ आली की माणसं माझ्यासाठी पाणी आणायला पळाली.

७ ऑक्टोबर

पौर्णिमा. दार बसलं. वंदना चालू होती तरी ह्यांची नजर दारावरच, डोळे भरलेले. मलाही भरून आलं. आणि थोडा तोराही चढला — अख्ख्या गावात खरं ठाऊक असलेली मी एकटी!

८ ऑक्टोबर

तानाबाई भेटली. म्हटलं, तुझ्या मूठभर तुकड्यांवर सगळं काम निघालं गं. ती हसायलाच लागली. "मूठभर कायचे वं ताई? मिस्त्रीभाऊ रोज सकाळी येऊन नेत होते ना, तुमचा डबा भराले! अन् दरवेळी बजावून सांगत — गुलाबाचे नको देऊ, सत्यभामा पकडल्या जाईन."