चौथं घर

१२ नोव्हेंबर १९५८

प्रिय हिरामण,

तुझं पत्र टपालवाल्याने शाळेतच आणून दिलं. मुलं सहाचा पाढा म्हणत होती. पत्र वाचून झाल्यावर मी त्यांना सातचा घ्यायला सांगितलं. मला लिहिण्याची सवय नाही, हे तुला रेवदंड्याच्या शाळेपासून ठाऊक आहे. निबंध तू लिहायचास आणि मी उतरवून घ्यायचो. पण हे मलाच लिहायला हवं.

गोदूला जाऊन उद्या तीन महिने होतील. पाणी आता मी आणतो, शाळेआधी दोन खेपा आणि नंतर एक. तळ्यावरच्या बायका मला पाहून बाजूला होतात. वेणूबाई तर माझीच कळशी आधी भरून देते, मला संकोच वाटतो. पाणी उकळून घेतो. गोदू होती तेव्हा उकळत नव्हतो, पावसात कोरडं लाकूड पुरवून वापरावं लागायचं. तिची हिरवी बांगडी चुलीमागे सापडली, ती फळीवर ठेवली आहे. आईला सांग, माझं जेवणाखाण्याचं नीट चाललं आहे. भात अजून खाली लागतो, पण ते सांगू नकोस.

तू लिहितोस की राजीनामा लिहून तयार आहे. पाच गावांची फेरपाहणी तुझ्या खात्याने मान्य केली, त्यात आपली वाडी आहे, कामही तुझ्याकडेच दिलं आहे. पण ज्याच्या सहाच्या मोजणीने सख्खी बहीण नेली त्याने पुन्हा आकडे हातात धरू नयेत, असं तुझं म्हणणं. तिच्या बाराव्याला तू हेच बोललास आणि पानावरून उठलास. मी खाली बघून बसलो होतो. तुला वाटलं असेल, मीही तुलाच दोष देतो आहे.

दोन वर्षांपूर्वी तू आलास ते दिवस मला बारकाईने आठवतात. नारळी पौर्णिमा आठवड्यावर होती. होड्या अजून वर ओढलेल्या, माणसं घरी सापडतील म्हणून तू ती वेळ धरली होतीस. निम्म्याहून जास्त घरांना जवळ गोडं पाणी नसेल त्या वाडीला सरकारी विहीर मिळायची होती. आपली घरं बहात्तर, आणि तुला महिन्याभरात चाळीस गावं उरकायची होती. म्हणून दर सहावं घर विचारायचं तू ठरवलंस. आमच्या ओट्यावर बसून तू लोकांना सांगितलंस की शितावरून भाताची परीक्षा होते, तसंच हे. त्यावर गोदू आतून म्हणाली, "पन दादा, शीत काढायच्या आधी भात ढवलाला लागतो." सगळे हसले. तूही हसलास.

मुंबईला परत गेल्यावर तुला जे उमगलं ते खरं आहे. आपल्या वाडीत घरांच्या ओळी, म्हणजे पाखाड्या, बारा, आणि प्रत्येकीत सहा घरं. तोंडाशी नाखव्याचं, म्हणजे होडीवाल्याचं घर, दारात विहीर. मागे पाच घरं त्याच्या खलाशांची. खलाशाच्या बायकोला त्या विहिरीची एक कळशी मिळते, तीही नाखवीणबाईला सवड असेल तर, बाकीचं तळ्यावरून. पहिल्या घरापासून दर सहावं घर धरलं की बाराही घरं नाखव्यांचीच येतात. तशीच ती आली. बारा घरांनी सांगितलं, पाणी दारात आहे. आपली वाडी यादीतून गळली. यंदा श्रावणात तळ्याच्या पाण्याने पटकी आली. चार माणसं गेली, त्यात गोदू. खाडीला उधाण असताना धर्माजी नाखव्याने स्वतः होडी वल्हवून तिला रेवदंड्याला नेलं, पण डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. त्याच्याबद्दल मनात काही धरू नकोस.

आता जे तुला ठाऊक नाही ते लिहितो. मोजणी पहिल्या घरापासून सुरू करायला तू सांगितलं नव्हतंस. रेवदंड्याला दुसऱ्या कामावर जाताना तू मला बजावलं होतंस की एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या कर, त्यातली एक काढ, आणि जो आकडा येईल त्या घरापासून दर सहावं घर यादीत लिही. मी चिठ्ठ्या केल्या. गोदूने पदराला हात पुसून तांदळाच्या मापातून एक उचलली. चार निघाला. पहिल्या पाखाडीतलं चौथं घर आमचं, मी मास्तर असलो तरी खलाशांच्याच रांगेतलं. तिला इतका आनंद झाला की हातातलं निवडणं टाकून ती उठली. म्हणाली, "आता सरकारला मीच सांगते, तल्याचा पानी कसा लागतो तो." संध्याकाळी कळशी घेऊन गेली आणि पावलं मोजत आली. अदमासे सांगणं बरं दिसणार नाही म्हणे.

तेवढ्यात धर्माजी ओट्यावर आला. चिठ्ठीची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. "मास्तर, मेव्हन्याला नोकरी लागली म्हंजे गाव तुमचे उंबऱ्यापासून चालू झाला का? पुनवेचा नारल कनाचे दारानशी निंगतो?" नारळ त्याच्या दारातून निघतो, पहिल्या घरातून. त्याच्या आजोबापासून तसंच आहे. खरं सांगायचं तर त्याच्या रीतीपेक्षा मला लोकांची भीती वाटली. भाऊ मोजायला आला आणि बहिणीचंच घर निघालं, म्हणजे लबाडी केली, असं म्हणतील. तो गेल्यावर मी यादी एकपासून लिहिली. मला वाटलं, घरं तर बाराच आहेत, कुठूनही बारा. मुलांना गणित शिकवणारा माणूस मी. गोदू बघत होती. एवढंच म्हणाली, "मग माझ्याकडून चिठ्ठी कशाला काढवलीत?"

दुसऱ्या दिवशी तू जेवायला आलास. तिने तुला पाणी दिलं तेव्हा तू थट्टेने म्हणालास, गोदू, तू माझ्या यादीत नाहीस, तुला काही विचारायचं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तुला आणखी आमटी वाढली. तुझ्यापुढे ती मला कधी उणं पडू देत नसे. पुढेही कधी हा विषय काढला नाही, आजारपणातसुद्धा.

सहाची पायरी आपल्या वाडीला चुकीची होती, हे तुझं खरं. चारपासून धरली असती तर आमचं सोडून सगळी खलाशांचीच घरं आली असती, तेही पुरतं बरोबर नव्हतं. पण पाण्याची हकीगत सरकारच्या कानावर गेली असती. चिठ्ठीने ती वाट उघडली होती, मी बंद केली. बाराव्याला तू पानावरून उठलास तेव्हाच हे सांगायचं होतं. झालं नाही. राजीनामा फाडून टाक आणि तूच ये. दुसरा कुणी आला तर त्यालाही ओट्यावर बसवून कुणीतरी रीत सांगेल. या वेळी नाखव्यांची घरं वेगळी कर, खलाशांची वेगळी, आणि दोन्हींकडून त्यांच्या संख्येच्या मानाने चिठ्ठ्या काढ. नीट ढवळून काढ. चिठ्ठ्यांना मी हात लावणार नाही, वेणूबाई काढील. आमचं घर पुन्हा निघेल की नाही कोण जाणे, आणि तू यादीबाहेर विचारणार नाहीस. म्हणून तुझ्या जुन्या कागदावरच्या प्रश्नांना गोदू देणार होती ते उत्तर इथे लिहून ठेवतो, ते मोजणीत कुठे धरू नकोस, फक्त वाच. घर चौथं. पाणी तळ्याचं. एका बाजूला सहाशे चाळीस पावलं, गोदूने मोजलेली. दिवसाला पाच खेपा. घरात माणसं दोन.

तुझाच,
दिनानाथ